आधी तीन, मग चार
(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



डुगडुगणारे बाक शाळेत एकदा तरी प्रत्येकाच्या वाट्याला आलेले असते. लिहिता लिहिता ते एका अंगाला कलते, अक्षर बिघडते आणि मग वहीच्या कागदाची घडी करून आखूड पायाखाली सारावी लागते. त्याच वर्गात फळा मात्र तीन पायांच्या तिवईवर उभा असे. जमीन कशीही असो, ती तिवई डुगडुगत नसे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असे नाही. भूमितीच्या पुस्तकातील हे वाक्य परीक्षेपुरते पाठ होते आणि मागे पडते. आजच्या विषयाला त्याचाच आधार आहे.

विषय थोडा वेगळा वाटेल: फिरते घर, म्हणजेच कॅराव्हॅन, मुक्कामाच्या जागी समपातळीत आणून स्थिर कसे करावे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून हा शब्द मराठी घरांत रुळू लागला आहे. समजा, कोल्हापूरचे एक कुटुंब आजी-आजोबांसह दसऱ्यासाठी म्हैसूरला निघाले. चामुंडी टेकडी दिसू लागली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मोकळ्या जागेवर गाडी उभी केली, चहा झाला, दिवे मालवले. जागा डोळ्यांना सपाट दिसली होती. पण डोके पायांपेक्षा खाली गेल्याने आजोबांना झोप लागली नाही, मोरीतील पाणी कोपऱ्यात तुंबून राहिले आणि स्नानगृहाचे दार आपोआप उघडत राहिले. पहाटे आश्विनातली सर आली. तांबडी माती मऊ झाली आणि गाडीचा एक कोपरा बोटभर खचला.

यात चूक डोळ्यांवर विश्वासण्याची आहे. दमलेल्या प्रवाशाला प्रत्येक जागा सपाट दिसते. गवंड्याची पाणसळ, जिला आता सर्रास लेव्हल बाटली म्हणतात, गाडीत असावी. ती फरशीवर आधी आडवी आणि मग उभी ठेवावी. बुडबुडा ज्या बाजूला सरकतो ती बाजू उंच, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. दोन चाकांमधील अंतर सुमारे 2 मीटर असेल, तर एका अंशाचा कल म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा फरक. दोन अंश कलली असल्यास खालच्या अंगाचे चाक सात सेंटिमीटर उचलावे लागते. हा हिशेब आठवीच्या मुलाकडून करवून घ्यावा. गणिताचा उपयोग काय, हा प्रश्न तो निदान त्या सहलीत तरी विचारणार नाही.

आता क्रम. दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढायच्या कॅराव्हॅनला बहुधा एकच आस असतो, म्हणजे दोन चाके. पुढे दांडीखाली वर-खाली करता येणारे एक लहान चाक असते. हे झाले तीन बिंदू, फळ्याची तिवईच. याशिवाय चार कोपऱ्यांवर खाली सोडता येणारे चार टेकू असतात. कॅराव्हॅन ओढणाऱ्या गाडीला जोडलेली असतानाच खालच्या अंगाचे चाक उतरत्या पाचरीवर चढवावे, म्हणजे आडवी पातळी साधते. मग हातब्रेक ओढावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी. उटी हा शब्द बैलगाडीवाल्यांचा. घाटातले ट्रकवालेही तो विसरलेले नाहीत. उटी नीट बसल्याची खात्री झाल्यावरच जोड सोडावा. जोड सुटल्या क्षणी हे घर कोणाच्याही ताब्यात नसते. उतारावर ते चालू लागले तर त्याला हातांनी थोपवू पाहणाऱ्याच्या जिवावर बेतते, म्हणून त्या वेळी मुलांना दूर उभे करावे. पुढचे लहान चाक फिरवून लांबीची पातळी साधणे त्यानंतरचे काम. चारही टेकू सर्वांत शेवटी टेकवायचे.

गफलत होते ती या टेकूंपाशी. ते मजबूत दिसतात, त्यांना फिरवायला दांडा असतो; साहजिकच एखादा कोपरा त्यांनीच उचलून धरावा असा मोह होतो. ते त्यांचे काम नव्हे. भार आसाने आणि पुढच्या चाकाने वाहायचा. टेकूंनी फक्त आतल्या माणसांच्या चालण्याने होणारे हेलकावे थांबवायचे. टेकूने कोपरा उचलला की सांगाड्याला पीळ बसतो, दारे अडकू लागतात आणि तो टेकू रात्री जमिनीत रुतला तर सगळा हिशेब विसकटतो. टेकवताना खाली फळी मात्र हवी. 5 सेंटिमीटर चौरस पायावर 200 किलो भार आला, तर दर चौरस सेंटिमीटरला 8 किलो दाब पडतो. 30 सेंटिमीटर चौरस फळी घातल्यास तोच दाब छत्तीसपट कमी होतो. पावसात भिजलेल्या मातीत हा फरक सकाळपर्यंत दिसतो.

आपल्याकडे अधिक आढळते ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी कॅराव्हॅन. तिला जोड सोडण्याची भानगड नाही. खालच्या अंगाची चाके पाचरीवर चढवायची, हातब्रेक लावून उटी घालायची आणि पुन्हा पाणसळ पाहायची. काही जुन्या घरांत गॅसवर चालणारा शीतक असतो. त्यातले अमोनियाचे द्रावण गुरुत्वाने वाहते, त्यामुळे गाडी फार कलली तर त्याचे अभिसरण अडते आणि दूध नासते.

हीच विद्या याच म्हैसूरच्या भूमीवर दोनशे वर्षांपूर्वी फार मोठ्या कामासाठी वापरली जाऊ लागली. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्या मोहिमेत असलेल्या विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने म्हैसूर प्रांताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची योजना मांडली आणि 1800 मध्ये बंगळूरजवळ पहिली पायारेषा मोजली. 1802 मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने सुमारे साडेसात मैलांची दुसरी पायारेषा मोजली. तेव्हा शंभर फुटी पोलादी साखळी जमिनीवर टाकली नव्हती. लाकडी पन्हळीत ठेवून, खाली तिवया लावून, स्क्रूंनी वर-खाली करून ती सरळ रेषेत आणली जाई. वर उन्हासाठी तंबू असे. साखळी कलली तर अंतर खोटे येणार आणि पुढचा प्रत्येक त्रिकोण त्या खोट्यावर उभा राहणार.

त्याचा मोठा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. तो तीन स्क्रूंवर उभा राही, चार नव्हे. 1808 मध्ये तंजावरला तो मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. तुटलेला दोर भार वाहणारा नव्हता, यंत्राला भिंतीपासून दूर धरून ठेवणारा होता. टेकूंसारख्या दुय्यम वाटणाऱ्या गोष्टींचे महत्त्व असे कळते. वाकलेले वर्तुळ लॅम्बटनने तंबूत बसून सुमारे सहा आठवडे स्वतःच्या हातांनी सरळ केले. आयुष्याची वीसहून अधिक वर्षे त्याने छावण्या टाकण्यात आणि उठवण्यात घालवली आणि 20 जानेवारी 1823 रोजी नागपूरच्या वाटेवर, आपल्या हिंगणघाटला, त्याचा मृत्यू झाला. वर्धा जिल्ह्यातील किती शाळांत हे सांगितले जाते, हा प्रश्न इथे बसलेल्या शिक्षकांनी मनावर घ्यावा.

कोल्हापूरच्या त्या कुटुंबाकडे पुन्हा वळू. दुसऱ्या रात्री त्यांनी उजेड असतानाच जागा निवडली. पाणसळ नातीच्या हाती दिली, फळ्या आजोबांनी सरकवल्या. जंबो सवारीच्या दिवशी सुवर्ण अंबारी वाहणारा हत्ती त्यांनी रस्त्याच्या कडेने पाहिला. सुमारे 750 किलोची ती अंबारी जागची हलू नये म्हणून तिच्याखाली गाद्यांचे थर घालतात आणि ती दोरांनी आवळून बांधतात. मिरवणुकीआधी कित्येक दिवस वाळूची पोती लादून हत्तीला भाराची सवय करतात. नातीने विचारले, हत्तीला पाणसळ कुठे लावतात? आजोबांना उत्तर सुचले नाही. माहुताला विचारायला ती दोघे गर्दीत शिरली.

परतीच्या सकाळी क्रम उलटा होतो. आधी चारही टेकू पूर्ण वर घ्यायचे, मग जोड लावून तो ओढून पाहायचा आणि उटी सर्वांत शेवटी काढायची. एकाने गाडीभोवती पायी फेरी मारून चारही कोपरे हाताने चाचपावेत. खाली राहिलेला टेकू पहिल्याच गतिरोधकावर मोडतो.