तोच व्हिडिओ, तोच पक्ष: शिकागोच्या दोन सरकारी वकील

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय लांबचा आहे, शिकागोचा. पण पक्ष, पोलीस आणि निवडणूक हे तीन शब्द एकत्र आले की आपल्याला कुठलीच गोष्ट फार परकी वाटत नाही.

आधी एक फरक सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं. उज्ज्वल निकमांना खटला चालवण्यासाठी कधी मतं मागावी लागली नाहीत. (लोकसभेसाठी मागितली, 2024 ला, पण ती गोष्ट वेगळी.) अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोक निवडून देतात, तोही पक्षाच्या तिकिटावर. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथं या पदाला स्टेट्स अटर्नी म्हणतात, मुदत चार वर्षं. काउंटीची लोकसंख्या पन्नास लाखांच्या वर. कुणावर गुन्हा दाखल करायचा, कुठल्या कलमाखाली, आणि कुणाला सोडायचं, हे त्या ऑफिसात ठरतं. शिवाय ही काउंटी म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक बऱ्याचदा नावापुरती. खरी मारामारी मार्चमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच ठरवतात त्या फेरीत.

2008 पासून या पदावर अनिता अल्वारेझ होत्या. नाव ऐकून फसू नका, या मेक्सिकन वंशाच्या, शिकागोतच वाढलेल्या. सहा जणांच्या प्रायमरीतून निवडून आलेल्या, 2012 ला परत आल्या.

20 ऑक्टोबर 2014 च्या रात्री लक्वान मॅकडॉनल्ड नावाच्या 17 वर्षांच्या मुलाला जेसन व्हॅन डाइक या पोलिसानं 16 गोळ्या घातल्या. मुलाच्या हातात छोटा चाकू होता. तो अंगावर आला, असं पोलिसांच्या बाजूनं सांगितलं गेलं. पण पोलिसांच्याच गाडीवरच्या कॅमेऱ्यात सगळं रेकॉर्ड झालेलं होतं. त्यात मुलगा पोलिसांपासून लांब चालत जाताना दिसतो. जमिनीवर पडल्यावरही गोळ्या चालूच.

आता माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला इथं एकच प्रश्न पडतो: लॉग होता ना? मग तो बघितला कुणी, आणि कधी? बघितला होता. अल्वारेझ यांच्या ऑफिसनं बघितला होता. महापालिकेच्या वकिलांनीही बघितला होता. एप्रिल 2015 मध्ये महापौर राम इमॅन्युएल फेरनिवडणूक जिंकले आणि आठ दिवसांनी नगरसेवकांनी त्या मुलाच्या कुटुंबाला 50 लाख डॉलर द्यायला मंजुरी दिली, तेही कुणी कोर्टात दावा दाखल केलेला नसताना! कारण नसताना कुणी एवढे पैसे देतं का? म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे हे शहर चालवणाऱ्यांना कळलं होतं. अल्वारेझ यांचं म्हणणं असं की केंद्रीय यंत्रणांबरोबर तपास चालू होता, तो पूर्ण व्हायला हवा होता.

आणि पक्ष? ऑगस्ट 2015 मध्ये कुक काउंटीच्या डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवार ठरवण्याची बैठक झाली. सरकारी वकील पदासाठी त्यांनी ठरवलं की कुणालाच पाठिंबा द्यायचा नाही. अल्वारेझ यांच्या विरोधात किम फॉक्स मैदानात होत्या. काउंटी बोर्डाच्या अध्यक्ष टोनी प्रेकविंकल यांच्या त्या चीफ ऑफ स्टाफ राहिलेल्या, म्हणजे वजनदार माणूस पाठीशी. तरीही पक्ष कुंपणावर बसून राहिला.

मग एका फ्रीलान्स पत्रकारानं तिथल्या माहिती अधिकार कायद्याखाली कोर्टात धाव घेतली आणि न्यायाधीशांनी व्हिडिओ खुला करायचा आदेश दिला. 24 नोव्हेंबर 2015 ला व्हिडिओ बाहेर आला. त्याच दिवशी, काही तास आधी, अल्वारेझ यांनी व्हॅन डाइकवर खुनाचा गुन्हा दाखल केला. घटनेपासून 400 दिवसांनी. निर्णय आधीच झाला होता, व्हिडिओमुळे फक्त जाहीर करायची तारीख अलीकडे घेतली, असं त्यांचं म्हणणं. पण रस्त्यावर उतरलेल्या लोकांना 400 आकडा पाठ झाला होता.

पोलीसप्रमुखांना आठवड्याभरात घालवलं गेलं. अल्वारेझ यांनी राजीनामा द्यायला नकार दिला. आणि जानेवारी 2016 मध्ये त्याच पक्षानं, त्याच काउंटीत, परत बैठक घेऊन किम फॉक्स यांना पाठिंबा जाहीर केला. ऑगस्ट ते जानेवारी या काळात पक्षाला तत्त्व म्हणून नवीन काय सापडलं? माझ्या मते काहीच नाही. व्हिडिओ लोकांनी बघितला, एवढंच नवीन होतं.

मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात ती आपल्या वयाची पोरं. असाटाज डॉटर्स, बीवायपी100 अशा काळ्या तरुणांच्या संघटनांनी ‘बाय अनिता’ हा हॅशटॅग चालवला. आणि गंमत बघा, त्यांनी फॉक्स यांना मत द्या असं सांगितलं नाही. आम्हाला या बाई नकोत, एवढंच. फॉक्स निवडून आल्या तरी आम्ही तुमच्याकडे बघत राहणार, हा त्यातला न बोललेला भाग.

15 मार्च 2016. फॉक्स साधारण 58 टक्के, अल्वारेझ 29. व्हिडिओ आणि मतदान यात सोळा आठवडे. एवढ्यात राग थंड होत नाही.

आता तीन वर्षं पुढे येऊ. जानेवारी 2019 मध्ये जसी स्मोलेट या टीव्ही अभिनेत्यानं सांगितलं की आपल्यावर वंशद्वेषातून हल्ला झाला. पोलिसांनी तपास करून म्हटलं, हा बनाव आहे. 16 कलमं लागली. आणि 26 मार्चला फॉक्स यांच्या ऑफिसनं सगळी मागे घेतली! दहा हजार डॉलरचा जामीन जप्त, थोडी समाजसेवा, विषय संपला. त्यात फॉक्स म्हणाल्या होत्या की या केसपासून मी बाजूला झालेय, पण आधी स्मोलेटच्या नातेवाइकाशी त्यांचं बोलणं झालेलं बाहेर आलं. महापौर भडकले, पोलीस युनियननं त्यांच्या ऑफिसबाहेर मोर्चा काढला, ट्रम्प यांनी ट्वीट केलं.

यावेळी पक्षानं काय केलं? फॉक्स यांच्यामागे उभा राहिला. माझा अंदाज असा की ट्रम्प आणि पोलीस युनियन एका बाजूला दिसल्यावर शिकागोतल्या डेमोक्रॅट मतदाराला दुसरी बाजू निवडणं सोपं गेलं. शिवाय इथं कुणाचा पोरगा मेला नव्हता. लोकांना हसू येत होतं, राग येत होता, पण रात्री झोप उडवणारं काही नव्हतं. आणि प्रायमरीला जवळजवळ वर्ष बाकी होतं. तेवढ्यात फॉक्स यांनी प्रचाराच्या व्हिडिओत स्वतःच कबूल केलं की मी हे प्रकरण नीट हाताळलं नाही. अल्वारेझ यांनी शेवटपर्यंत तसं केलं नव्हतं.

मार्च 2020 च्या प्रायमरीत समोर बिल कॉनवे होते. वडील कार्लाइल ग्रुप या बड्या गुंतवणूक कंपनीचे संस्थापक, त्यामुळे पैशाला तोटा नाही. तरी फॉक्स जिंकल्या, जेमतेम 50 टक्क्यांवर. नोव्हेंबरमध्येही जिंकल्या, पण 2016 ला 72 टक्के होते, ते आता 54 वर आले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. घोटाळ्यानं खुर्ची गेली नाही, पण बिल आलंच. 2023 मध्ये त्यांनी सांगून टाकलं, तिसऱ्यांदा उभी राहणार नाही.

2024 च्या प्रायमरीत पक्षानं क्लेटन हॅरिस यांना पाठिंबा दिला. मतमोजणी दिवसेंदिवस चालली आणि आयलीन ओ'नील बर्क सुमारे दीड हजार मतांनी जिंकल्या, पक्षाचा शिक्का नसताना.

आणि व्हॅन डाइक? 2018 मध्ये दोषी ठरला, 81 महिन्यांची शिक्षा झाली, पूर्ण भोगायच्या आधीच बाहेर आला. स्मोलेटवर विशेष वकिलानं परत खटला भरला, तो दोषी ठरला, पण नोव्हेंबर 2024 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. कारण सरकारी वकिलानं एकदा डील केलं की सरकारला ते पाळावं लागतं. फॉक्स यांचे तेव्हा ऑफिसातले शेवटचे दिवस चालू होते.