घानाला निघालेल्या पोरापोरींपुढं



तुमच्या सहलीचा कागद वाचला. आठ दिवस. आक्रा शहर, काकुमच्या जंगलातला झुलता पूल, समुद्रकिनारा, नाचगाण्याची संध्याकाळ, आणि केप कोस्टच्या किल्ल्याला एक तास. एक तास! किल्ला म्हटल्यावर कागद टाइप करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं सिंहगड आणि पिठलं-भाकरी आली असणार. ते माणसांचं गोदाम आहे, दोस्तांनो.

तिथून थोडं पुढं एल्मिना. १४८२ साली पोर्तुगीजांनी बांधला, सोन्यासाठी. त्या किनाऱ्याचं नावच गोल्ड कोस्ट पडलं. पुढं सोन्यापेक्षा माणूस विकण्यात जास्त पैसा दिसला. १६३७ला डच आले, १८७२ला इंग्रज. मधल्या सगळ्या काळात मालक बदलले, तळघर तेच. अंगणात मधोमध देवाचं घर. वर गव्हर्नरचा सज्जा, खाली बायकांची कोठडी. सज्ज्यात उभा राहून तो बाया बघायचा आणि एक निवडून वर आणवायचा, असं तिथले वाटाडे सांगतात. मुलींनो, त्या अंगणात उभ्या राहा आणि वर बघा. पोरांनो, तुम्ही सज्ज्यात जा आणि खाली बघा. फोटो नंतर.

केप कोस्टला तर प्रार्थनाघर पुरुषांच्या तळघराच्या नेमकं डोक्यावर. वर स्तोत्रं, खाली शेकडो माणसं आपल्याच घाणीत. गावकुसाबाहेर वाढलेल्याला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही.

एक गोष्ट अवघड आहे. गोरे रानात फारसे आत गेले नाहीत. माणसं पकडून किनाऱ्यापर्यंत आणणारे तिथलेच राजे, तिथलेच दलाल. हे विचारलं की काही जण गप्प होतात. विचारा, पण न्यायाधीशाच्या थाटात नको. आपल्यातही दलाल कुठं सापडतात हे तुम्हांला ठाऊक आहे.

समुद्राकडच्या दारावर पाटी आहे: परत न येण्याचं दार. १९९८ साली अमेरिकेतून आणि जमैकातून दोन गुलामांचे अवशेष त्याच दारानं आत आणले आणि आसिन मान्सोला पुरले. त्या गावच्या नदीवर, बाजारात मांडण्याआधी, गुलामांना शेवटची आंघोळ घालायचे. तुमच्या कागदात आसिन मान्सो नाही. झुलता पूल कापा, पण तिथं जा.

आक्र्यात डू बॉइस यांचं घर आहे. अमेरिकेतला हा काळा विद्वान १९६१ला एन्क्रुमांच्या बोलावण्यावरून तिथं गेला, १९६३ला तिथंच वारला. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केलाय, त्याच्या प्रती धाडा, म्हणून. डू बॉइसनी उत्तर दिलं. त्या घरात जाताना हे माहीत असू द्या.

आणि लेगॉनचं विद्यापीठ. २०१६ला तिथं आपल्या राष्ट्रपतींच्या हस्ते गांधींचा पुतळा बसला. प्राध्यापकांनी गांधींचं दक्षिण आफ्रिकेतलं काळ्यांविषयीचं लिखाण पुढं ठेवलं, सह्या गोळा केल्या. डिसेंबर २०१८ला पुतळा आवारातून हलला. तिथल्या विद्यार्थ्यांना भेटा, गप्पा मारा. ते पुतळ्यावर थांबणार नाहीत. तुमच्या देशात आम्हांला खोली भाड्यानं मिळते का, हे विचारतील. मार्च २०१७ला ग्रेटर नोएडात जमावानं आफ्रिकन विद्यार्थ्यांना का मारलं, हेही विचारतील. तेव्हा 'आम्ही त्यातले नाही' म्हणून सुटता येणार नाही. आपल्या वस्तीत, आपल्या होस्टेलात त्यांना कोण काय नावानं हाक मारतं, ते जाण्याआधी कान देऊन ऐका. उत्तर इथूनच बांधून न्या.

बाकी, पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्या आणि कार्ड जपा. त्याशिवाय तिकडं आत घेत नाहीत, आणि परत आल्यावर आपल्या विमानतळावर अडकवून ठेवतात.