निबंध तिचा, शब्दही तिचेच

(चिखलदरा येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमात ‘युवा निबंध स्पर्धा आणि आपल्या मुली’ हा विषय वाचून काही जणींना नवल वाटलं असेल. कालपासून आपण थकलेली मजुरी, दारू, बालविवाह, बाळंतपणात दगावणाऱ्या बाया यांवर बोलतो आहोत. त्यात हा निबंध कुठून आला? निबंध म्हणजे शाळेतलं काम, परीक्षेतला दहा मार्कांचा प्रश्न.

मला विचाराल, तर हा विषय इथेच यायला हवा. आपल्या मुलीला “तुझं म्हणणं काय?” असं कितीदा विचारलं जातं? लग्न ठरवताना घरात विचारत नाहीत. ग्रामसभेत ती आलीच तर मागे बसते. तोंड उघडलं तर “तुले काय समजते त्यातलं?” हे उत्तर तयार असतं. निबंध स्पर्धेचं पत्रक मात्र तिला सांगतं की अमुक विषयावर तुझे विचार हजार शब्दांत लिहून पाठव. कागदावर का होईना, तिच्या मतासाठी जागा ठेवलेली असते. ती जागा तिच्या हाती लागते, की दुसरंच कोणी भरून टाकतं, एवढाच माझा आजचा मुद्दा आहे.

गेली काही वर्षं मी अशा स्पर्धांचे निबंध तपासते आहे. बहुतेक ठिकाणी गोष्ट सारखीच घडते. पत्रक शाळेत पोहोचतं तेव्हा शेवटची तारीख चार दिवसांवर आलेली असते. सर वर्गातली हुशार, चांगल्या अक्षराची मुलगी निवडतात. मग निबंधांचं पुस्तक निघतं. आता मोबाईलही निघतो. विषय टाकला की तयार मजकूर समोर येतो. मुलगी तो उतरवून काढते आणि खाली नाव तिचं येतं. विषय ‘मुलींचे शिक्षण’ असला की निबंध गार्गी-मैत्रेयीपासून निघतो, जिजाऊ, सावित्रीबाई, कल्पना चावला अशी एकेक स्टेशनं घेत जातो आणि शेवटी आकाशाला गवसणी घालून थांबतो. लिहिणारी मुलगी त्यात कुठंच नसते. ती शाळेत कशी पोहोचते, पाळीच्या दिवसांत तिचे काय हाल होतात, तिच्या थोरल्या बहिणीची शाळा कोणत्या वर्षी आणि का सुटली, याबद्दल एक वाक्य नसतं.

‘माझा तालुका’ या विषयाचंही तेच. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं झालं चिखलदरा. उंची सुमारे 1100 मीटर. 1803 साली इंग्रजांनी गाविलगड घेतला. आणि हे विदर्भाचं नंदनवन. ही माहिती फिरायला आलेल्या माणसाच्या कामाची आहे. पण ज्या पॉइंटवर तो माणूस फोटो काढतो, तिथं जिची आई मक्याची कणसं भाजून विकते, त्या मुलीचं चिखलदरा वेगळं आहे. गर्दीच्या दिवशी घरात किती पैसे येतात, धो धो पाऊस लागला की चुलीवर काय शिजतं, हा निबंध फक्त तीच लिहू शकते. आणि नेमका तोच आपण तिला लिहू देत नाही.

एका गठ्ठ्यात मला दीड पानाचा एक निबंध सापडला होता. विषय होता जंगल आणि आपण. बाकीच्या मुलींनी प्राणवायू, पाऊस आणि ‘झाडे लावा’ लिहिलं होतं. हिनं लिहिलं होतं की मोहफुलं वेचायला आईबरोबर उजाडायच्या आधी निघावं लागतं. की अंधारात आईला वाघापेक्षा माणसाची जास्त भीती वाटते. की ओली फुलं टोपलीभर दिसतात, पण वाळल्यावर तळाला बसतात आणि व्यापारी भाव वाळलेल्या फुलांचा देतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानभर होत्या. आमच्या हातातल्या तक्त्यात शुद्धलेखनाला गुण होते, अक्षराला होते, सुविचार आणि काव्यपंक्ती पेरल्याबद्दलही होते. स्वतः पाहून, विचार करून लिहिल्याबद्दल रकानाच नव्हता. त्या निबंधाला नंबर मिळाला नाही. मी हरकत घेतली, तेव्हा आयोजकांनी सांगितलं की नियम सगळ्यांना सारखे असतात. असतील. पण सगळ्या मुली सारख्या ठिकाणाहून निघत नाहीत, त्याचं काय?

मुलीच्या निबंधात ताकद किती असते, हे आपल्याला नव्यानं शोधायची गरज नाही. मुक्ता साळवे आठवा. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी. शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकली होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिनं काय लिहिलं? आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, ते लिहिलं. ज्यांना वेद वाचायचीच बंदी आहे त्यांचा धर्म कोणता, असा सवाल केला. हे तिला कोणत्या पुस्तकात सापडलं नव्हतं. वस्तीत डोळ्यांसमोर होतं. शाळेनं तिला अक्षर दिलं आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली नाही, हे त्या शाळेचं मोठेपण.

दुसरं नाव तर आपल्याच वऱ्हाडातलं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला आणि तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली. पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. त्या लिखाणाला त्यांनी स्वतः ‘निबंध’च म्हटलं आहे. त्यातली भाषा घरातली, अंगणातली, रोखठोक आहे. आपल्या आजच्या तक्त्यात भाषेच्या सौष्ठवाचे किती गुण ताराबाईंना मिळाले असते, याचा विचार करा.

पुढचीही गोष्ट लक्षात घ्या. ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली. जोतीरावांनी 1885 साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. तरी त्यांचं दुसरं पुस्तक आपल्यापर्यंत आलेलं नाही. हे पहिलंही विस्मरणात गेलं होतं, स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठं आपल्या हाती लागलं. मुलीला खरं लिही म्हणणं सोपं आहे. लिहिल्यानंतर तिच्यामागे कोण उभं राहणार, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून ही जबाबदारी मी आधी आपल्यावर टाकते. मुलीनं बापाच्या दारूबद्दल लिहिलं आणि बक्षीस समारंभात गावाच्या नावासकट तो निबंध माइकवरून वाचला गेला, तर त्या रात्री घरी तिचं काय होईल? तेव्हा तिला विचारल्याशिवाय वाचायचं नाही, छापायचं नाही आणि नाव द्यायचं की नाही ते तिनं ठरवायचं. काही वेळा मात्र नुसतं विचारून भागत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निबंधातून कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. लग्न ठरल्याचं तिनं लिहिलं असेल, तर 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे. ग्रामसेवकाला त्याखाली अधिकार आहेत आणि 1098 हा फोन आहे. असा निबंध ‘फार हृदयस्पर्शी’ असा शेरा मारून गठ्ठ्यात परत ठेवायचा नसतो.

आता भाषेबद्दल. इथल्या कितीतरी मुलींची आईची भाषा कोरकू आहे. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाली आणि मुंडारीची बहीण. मराठी-हिंदीच्या कुळाशी तिचं नातं नाही. ‘कोरू’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसं. 2011 च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी ही आपली मातृभाषा सांगितली. संथालीला 2003 च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत जागा मिळाली, कोरकूला मिळालेली नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदाही म्हणतो की शक्य तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेत असावं. आपली मुलगी घरी कोरकू बोलते, बाजारात हिंदी ऐकते आणि वर्गात मराठी लिहिते. तिसऱ्या भाषेत लिहिलेल्या तिच्या निबंधात आपण वेलांट्या मोजत बसतो, तेव्हा तिचा विचार वाचायचाच राहून जातो. देवनागरीत कोरकू लिहिता येते. तसा निबंध का घेऊ नये? तपासायला कोरकू जाणणारी एक बाई बसवली की झालं.

आणि ‘युवा’ म्हणजे कोण? 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात 15 ते 29 वयाला युवा म्हटलं आहे. स्पर्धेच्या पत्रकात मात्र मुख्याध्यापकांची किंवा प्राचार्यांची सही आणि बोनाफाइड मागतात. म्हणजे शाळा सुटलेली, एकोणीस वर्षांची, कडेवर मूल असलेली पोर युवा नाही! तिचा भाऊ तिशीपर्यंत ‘युवा कार्यकर्ता’ म्हणून बॅनरवर झळकतो, आणि ती लग्नाच्या दिवसापासून फक्त ‘बाई’ होते. वयाचा दाखला हवा तर जन्माचा दाखला आहे. शाळेचा शिक्का कशाला?

इथं काही मुलीही बसल्या आहेत. त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी सांगते. पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शब्दमर्यादा, वय, शेवटची तारीख पाहा आणि घाटातली गाडी नि पोस्ट यांचे दिवस आधीच धरून ठेवा. ‘निबंधाचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ विचारून घ्या. पाठवण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा. विषय कितीही मोठा असला तरी सुरुवात तुम्ही स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीपासून करा. मग विचारा, हे असं का? कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान? आईला विचारा, आजीला विचारा, शेजारणीला विचारा. त्यांची उत्तरं एकमेकींशी जुळली नाहीत तर तेही लिहा. आकडा द्यायचा तर तो कुठून आला ते सांगा. शुद्धलेखनाला सरांची मदत जरूर घ्या, पण सर म्हणाले “हे वाक्य काढ, बरं दिसत नाही”, तर का बरं दिसत नाही ते विचारा. पटलं तर काढा. नाही पटलं, तर राहू द्या.

शेवटी, आपल्या संघटनेपुढे माझा एक प्रस्ताव आहे. 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आपण दरवर्षी कार्यक्रम घेतोच. येत्या वर्षी त्याला निबंध स्पर्धा जोडू या. वय 15 ते 29, शाळेत असो वा नसो. भाषा मराठी, हिंदी किंवा कोरकू. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं आणि दुसरीनं जसंच्या तसं उतरून घ्यावं, आपल्या पदरचा शब्द न घालता. गुणांच्या तक्त्यात पहिला रकाना ‘स्वतः पाहिलेलं’ आणि दुसरा ‘स्वतः विचारलेला प्रश्न’. अक्षराचा रकाना ठेवायचाच नाही. पत्रक दोन महिने आधी काढायचं, आणि ते फक्त शाळेत न लावता रेशन दुकानात, अंगणवाडीत, आठवडी बाजारातही लावायचं. आलेला प्रत्येक निबंध दोघींनी वाचायचा आणि प्रत्येकीला उत्तराचं पत्र जाईल हे पाहायचं. नंबर तिघींचेच येतील, पण आपलं कुणीतरी वाचलं, हे सगळ्यांना कळलं पाहिजे.

विषय काय ठेवायचा, हे मी मुद्दाम ठरवलेलं नाही. दुपारच्या गटचर्चेत इथल्या मुलींनाच एक गट करू द्या आणि विषय त्यांना सुचवू द्या. आपण तेवढ्या वेळात गुणांचा तक्ता करू.