पथकात किती माणसे?

टेबलावर बोटभर उंचीचे शिपाई मांडून काल्पनिक राज्यांची युद्धे लढण्याचा खेळ आता आपल्या शहरांतही ओळखीचा होऊ लागला आहे. या खेळात प्रत्येक शिपायाला गुणांत किंमत असते आणि दोन्ही बाजूंनी ठरलेल्या गुणांचे, पुष्कळदा २००० गुणांचे, सैन्य उभारायचे असते. नवा खेळाडू आधी कोणते शिपाई घ्यावेत याचा विचार करतो. एका पथकात किती ठेवावेत, हा प्रश्न तो खोक्यात निघालेल्या किंवा रंगवून झालेल्या संख्येवर सोडून देतो. मला वाटते, डाव बऱ्याच अंशी इथेच ठरतो. पथकाची संख्या मांडणीच्या वेळी ते कसे दिसते यावर ठरवू नये. शत्रूला भिडण्याच्या क्षणी त्यात किती माणसे उरली पाहिजेत, तिथून मागे मोजत यावे.

‘वॉरहॅमर’ हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ इंग्लंडमध्ये १९८३ साली निघाला. त्याच्या २०१० सालच्या आठव्या आवृत्तीचे नियम उदाहरणासाठी घेऊ. पाच माणसांची एक रांग धरली, तर पहिल्या रांगेमागच्या प्रत्येक पूर्ण रांगेला झुंजीच्या निकालात एक गुण जादा मिळतो, मात्र जास्तीत जास्त तीन. म्हणजे वीस माणसांच्या चार रांगा केल्या की पूर्ण तीन गुण हातात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि वीसचे पथक करतात. पण एकच शिपाई पडला की शेवटची रांग अपुरी होते आणि एक गुण जातो. पंचवीसच्या पथकाचे पाच शिपाई पडले तरी तीन गुण शाबूत राहतात. आता वाटेत किती पडतील याचा अंदाज घेऊ. समोर दहा-दहा धनुर्धाऱ्यांच्या दोन तुकड्या आहेत आणि त्यांना बाण सोडायला दोन फेऱ्या मिळतात. दर तीन बाणांत एक लागतो, लागलेल्या दोहोंत एक घायाळ करतो आणि चिलखत सहांतला एक घाव अडवते, असे धरले तर चाळीस बाणांत सरासरी साडेपाच माणसे पडतात. वीसचे पथक चौदा-पंधरावर येऊन भिडते, पंचवीसचे एकोणीस-विसावर. भीतीचा हिशेबही असाच आहे. एका टप्प्यात पाव पथक पडले की धीर टिकतो का, याचा फासा टाकावा लागतो. विसाच्या पथकाला त्यासाठी पाच बळी पुरतात, पंचवीसच्या पथकाला सात लागतात. पाच माणसांचे गुण जास्त मोजून एवढी सुरक्षितता मिळत असेल, तर तो सौदा मला चांगला वाटतो.

हा विचार फाशांच्या खेळाने शोधून काढलेला नाही. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पथक किती मोठे असावे, हे तिथे एका माणसाच्या हुकमात किती राहतील आणि एका माणसाकडून किती घोड्यांची निगा राखली जाईल, यावर बांधलेले दिसते. पाणी आणि नाल यांवाचून अडलेला घोडा हजेरीत मोजला तरी लढाईत मोजता येत नाही.

दुसरा दाखला बडोद्याला अधिक जवळचा आहे. पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ रोजी, बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या दमाजींचे घोडदळ मराठ्यांकडच्या इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींना पाठबळ देत होते. ही लढाई पाहिलेला शुजाउद्दौल्याच्या पदरचा काशीराज सांगतो की इब्राहिमखानाने दोन पलटणी बगलेकडे तोंड करून उभ्या केल्या आणि उरलेल्या सात रोहिल्यांवर घातल्या. त्या दिवशी गारद्यांचा जवळजवळ नाश झाला आणि दमाजीही जखमी झाले. तरीही रचनेचे मोल पराभवाने कमी होत नाही. फौज नऊ पलटणींत वाटलेली होती म्हणूनच तिच्यातल्या दोन आडव्या फिरवून बगल सांभाळता आली. तेवढ्याच माणसांचा एक अखंड जमाव असता, तर त्याला एकाच दिशेला तोंड करावे लागले असते.

यावर एक आक्षेप ताबडतोब येतो. टेबलावर हवालदार नाही, पखालजी नाही. खेळाडूचा हात एका क्षणात चाळीस शिपाई हलवतो. मग चाळीसचे, पन्नासचे पथक करून सेनापती त्यात सुरक्षित का ठेवू नये? ‘वॉरहॅमर’च्या त्याच आवृत्तीत दहाच्या रांगा केल्या तर आणखी एका रांगेला लढता येते, हेही खरे. पण समोरचे पथक पाचच्या रांगेचे असेल, तर आपल्या दहांपैकी दोन्ही टोकांची माणसे त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांचे गुण मोजलेले असतात, घाव मात्र पडत नाहीत. शिवाय पथक मोडून पळाले आणि पाठलागात सापडले, तर ते संपूर्ण नष्ट होते, मग त्यात दहा असोत की पन्नास. सहाशे गुण एका फाशावर लावण्याइतका मोठा लाभ मला त्यात दिसत नाही. उलट टोकाला जाऊन सगळ्या तुकड्या पाच-पाच, दहा-दहाच्या केल्या तर काय, असेही विचारले जाईल. शत्रूला भुलवायला, वाट अडवायला अशा एक-दोन तुकड्या हव्यातच. पण दहांतले तीन पडले की त्यांच्या धीराचा फासा टाकावा लागतो, आणि सहा इंचांच्या आत आपली एखादी तुकडी नष्ट झाली की शेजारच्या पथकालाही तो टाकावा लागतो. सगळे सैन्यच असे बारीक असले, तर घबराट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकत जाते.

‘किंग्ज ऑफ वॉर’ या दुसऱ्या खेळात शिपाई एकेक करून उचलतच नाहीत. तिथे पायदळाच्या तुकड्या साधारणपणे दहा, वीस आणि चाळीस अशा ठरलेल्या असतात आणि मार बसला की नुकसान पूर्ण पथकाच्या नावावर लिहिले जाते. तेव्हा मागे मोजण्याचा हिशेब तिथे लागू नाही, असे कोणी म्हणेल. संख्येपुरते ते बरोबर आहे, जागेपुरते नाही. बडोद्याच्या गोत्री भागातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सहा बाय चार फुटांचे टेबल मांडायला दिवाणखाना रिकामा करावा लागेल, म्हणून बरेच जण चार बाय चारवर खेळणे पसंत करतील. वीस मिलिमीटरच्या बैठकीवर उभ्या केलेल्या चाळीस माणसांची दहाच्या रांगांची आघाडी वीस सेंटिमीटर होते. अशी चार पथके शेजारी लावली की १२२ सेंटिमीटरपैकी ८० गेले. मध्ये एखादे झाडीचे किंवा टेकडीचे ठिकाण आले की उरलेल्या फटींतून घोडदळ बाहेर काढता येत नाही आणि मोठे पथक वळवायला जागा उरत नाही. एवढ्या टेबलावर मी चाळीसचे एकच पथक मधोमध ठेवीन, वीसची दोन त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि घोडेस्वारांसाठी एका अंगाला किमान फूटभर जागा मांडणीच्या आधीच मोजून मोकळी सोडीन.