हृदयविकारानंतर कामावर परतताना
(अड्यार, चेन्नई येथील सभेतील भाषण)

साथींनो, याच चेन्नईत पेरांबूरच्या रेल्वे हॉस्पिटलात १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी देशातली पहिली बायपास केली. उपचार आपल्या दारात आहेत; प्रश्न घरी परतल्यानंतरचा आहे. कुणी खाटेवरून उठत नाही, तर कुणी पगार बुडेल म्हणून लगेच ड्युटीवर धावतो. दोन्ही घातक.

डॉक्टरांच्या सल्ल्याने सपाट रस्त्यावर पाच मिनिटे चाला, हळूहळू वाढवा. चालताना बोलता आले पाहिजे. धाप लागली की थांबा. गोळ्या मनाने बंद करू नका. छातीत दुखले तर बसा, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवा, १०८ ला फोन करा. फिट सर्टिफिकेटाशिवाय घण किंवा टपालाची थैली उचलू नका. हलके काम मागण्यात लाज नाही. अडवणूक झाली तर युनियनकडे या.