हंडा डोक्यावर चढतो तेव्हा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेतलेली बाई आपल्या चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवली. कमरेचा बाक, वाऱ्यावरचा पदर, सगळं डौलदार. दुष्काळ पडला की तीच बाई भेगाळलेल्या जमिनीवर उभी राहते, डौल मात्र तोच. १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो, भांड्याचं वजन वेगळं. ते जमिनीवरून कमरेपर्यंत आणि तिथून डोक्यावर चढवताना पाठीला काय कळ लागते, हे त्या चित्रांत मला सहसा दिसत नाही.

नवजोत अल्ताफ यांनी नेमकं तेच पाहिलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या कलावतीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधल्या कोंडागावात शांतीबाई, राजकुमार अशा स्थानिक आदिवासी कलाकारांबरोबर काम केलं. त्यांनी हाती घेतली ती हापशाची जागा. हापशाभोवती काय असतं, तुम्हाला ठाऊक आहे: चिखल, साचलेलं पाणी, घसरणारे पाय. या मंडळींनी तिथे ‘नलपार’ बांधले. सांडपाण्याला वाट करून दिली. भरलेलं भांडं मध्येच टेकवता येईल असा उंचवटा केला, म्हणजे एका दमात सगळा भार उचलायला नको. भोवतीच्या भिंतींवर तिथल्याच परंपरेतल्या आकृती आल्या. बायका-मुलांना घडीभर थांबून बोलायला जागा झाली. याला शिल्प म्हणायचं की बांधकाम, या वादात मला रस नाही. मला ते आपल्या काळातलं पाण्यावरचं फार मोठं काम वाटतं.

जगाचं लक्ष वेधलं ते दुसऱ्या कामांनी. कलाकार ओलाफुर एलियासन आणि भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग यांनी ग्रीनलंडच्या खाडीत तुटून तरंगणारे हिमखंड शहरांत आणून ठेवले: २०१४ मध्ये कोपनहेगनला, २०१५ च्या हवामान परिषदेच्या वेळी पॅरिसला, डिसेंबर २०१८ मध्ये लंडनला. लोकांनी बर्फाला कान लावला. आत हजारो वर्षं कोंडलेल्या हवेचे बुडबुडे फुटताना ऐकू येत होते. तळहाताला झालेला तो गार स्पर्श कुठल्याही आलेखापेक्षा खोल जातो, हे मी मनापासून मानतो. पण बर्फ वितळला, चौक पूर्ववत झाला. कोंडागावातली बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा हापशावर येणार होती.

आपल्याकडे दुष्काळात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याआधी तिथल्या पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. तेव्हाची घागरींच्या रांगांची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. त्या रांगेत उभ्या असलेल्या कुणाला, तुला इथे काय हवं आहे, असं आपल्यापैकी किती कलाकारांनी विचारलं?

तुमच्यात शिल्पकार आहेत, मुद्राचित्रकार आहेत, काही जण जाहिरातीत जातील. पाण्यावर काम करावंसं वाटलं तर आधी पाणवठ्यावर जा, काही महिने राहा. भांडं टेकवायचा ओटा किती उंच हवा, हे तिथल्या आईला विचारा आणि तिच्या दहा वर्षांच्या मुलीलाही विचारा. दोघींची उत्तरं वेगळी येतील, आणि ओटा दोघींना पुरला पाहिजे. असा ओटा रेखाटायला लागणारी नजर आणि हात या संस्थेने तुम्हाला दिले आहेत.