पाच जणांचे गुण, मग टीममध्ये तीस कशाला?

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या कॉलेजच्या कोचचा मेल येतो, "आमच्या क्रॉस कंट्री टीममध्ये ये." घरी लगेच पेढे. मी स्वतः अशा एका कॉलेजात चार वर्षं धावलोय, टीममध्ये पंचविसाव्या नंबरच्या आसपास. म्हणून आज पेढ्यांआधीचा हिशोब सांगतो.

ही छोटी कॉलेजं बहुतेक एनसीएएच्या डिव्हिजन थ्रीमध्ये येतात. हा गट १९७३ पासूनचा. नियम सरळ आहे: खेळासाठी स्कॉलरशिप नाही. गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर फी-सवलत मिळू शकते, पण ती इतर विद्यार्थ्यांच्याच निकषांवर. अमेरिकन सरकारची मदत तर स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना मिळत नाही. म्हणजे "कोचनं बोलावलं" याचा अर्थ "फी माफ" असा नाही.

आता रोस्टर बघा. मोठ्या स्पर्धेत एका टीमचे सात जण धावतात आणि पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवून गुण धरतात. ज्यांची बेरीज कमी, ते जिंकले. १ ते ५ सगळे तुमचेच आले तर १५; याहून भारी स्कोअर नाही. मग कितीतरी टीम्समध्ये पंचवीस-तीस जण का?

कारण पैसा. क्रॉस कंट्रीला तिकीट नाही, टीव्हीचे हक्क नाहीत. खर्चही तसा कमीच: बस, कपडे, एन्ट्री फी, कोचचा पगार. समजा, केवळ टीममुळे वीस मुलं त्या कॉलेजात आली आणि सवलत वजा जाता प्रत्येकानं वर्षाला २०,००० डॉलर भरले. झाले ४ लाख डॉलर! विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्या कॉलेजला हे लगेच कळतं. म्हणून काही ठिकाणी कोचला दरवर्षी किती मुलं आणायची याचं टार्गेटच असतं.

आणि तो कोच? बऱ्याचदा मुलं-मुली दोन्ही टीम्सना एकच. हिवाळ्यात इनडोअर ट्रॅक, वसंतात आउटडोअर, तेही त्याच्याच गळ्यात. सोबतीला एखादा पार्ट-टाइम असिस्टंट.

हे सगळं तपासता येतं. १९९४ च्या एका कायद्यामुळे सरकारी मदत घेणाऱ्या सहशिक्षण कॉलेजांना दरवर्षी खेळाडूंची संख्या, कोच आणि खर्च जाहीर करावा लागतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या साइटवर 'इक्विटी इन ॲथलेटिक्स' शोधा, फुकट आहे. एक मेख लक्षात ठेवा: क्रॉस कंट्री, इनडोअर, आउटडोअर तिन्हीत धावणारी एकच मुलगी तीनदा मोजली जाऊ शकते. आकडा फुगलेला दिसला तर दचकू नका.

मग कोचला चार प्रश्न विचारा. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी चौथ्या वर्षी किती उरतात? विसाव्या नंबरच्या मुलाला वर्षात किती रेस मिळतात? तुम्ही फुल-टाइम आहात का? माझी फी सवलतीनंतर नेमकी किती, आणि टीम सोडली तर ती बदलते का? शेवटच्याचं उत्तर कॉलेजच्या ऑफिसकडून लेखी घ्या.

मी फसलो असं मला वाटत नाही. माझा नंबर कधी गुणांत धरला गेला नाही, पण पहाटे थंडीत सोबत धावणारी माणसं मिळाली, आणि त्यासाठी किती पैसे मोजतोय हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक असावं, इतकंच. मग खुशाल पेढे वाटा.

भेटू पुढच्या भागात. धावत राहा!